अभ्यासिकेचं वायफाय संध्याकाळी सातला गुदमरतं. प्लॅन वाढवू की आणखी काही?

विश्रामबागी_मास्तर
नमस्कार मंडळी,
सांगलीत विश्रामबागेत आमच्या घराच्या तळमजल्यावर अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षांची मुलं-मुली, बत्तीस टेबलं, संध्याकाळी बहुतेक सगळी भरलेली. वर आम्ही राहतो. सूनबाई साडेसहा ते साडेआठ दहावीच्या गणिताचा ऑनलाइन क्लास घेते. वर-खाली मिळून फायबरचं एकच कनेक्शन, १०० एमबीपीएसचा प्लॅन.

दुपारी सगळं झकास चालतं. सात वाजले की सूनबाईचा आवाज तुटायला लागतो. 'ऐकू येतंय का रे सगळ्यांना' यातच क्लासचा बराच वेळ जातो. खालची मुलं म्हणतात, लेक्चर नुसतं गोल गोल फिरतंय. गंमत म्हणजे त्याच वेळी मोबाइलवर स्पीड टेस्ट केली तर साठ-सत्तर दाखवते! ऑपरेटरचा माणूस येऊन गेला. त्यानेही स्पीड टेस्टच करून दाखवली. "सर, लाइन ओके आहे, युजर जास्त झालेत, ३०० चा प्लॅन घ्या" म्हणाला आणि गेला.

३०० घ्यायला हरकत नाही, पण पैसे भरून पुन्हा येरे माझ्या मागल्या झालं तर? राउटर ऑपरेटरनेच दिलेला आहे. त्यात क्यूओएस (कुठला डेटा आधी सोडायचा ते ठरवायचं) नावाचं एक पान आहे, तिथे काय भरायचं हे अजून कुणाला सांगता आलेलं नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

तासगावी_बेदाणा
घ्या की ३०० चा. दरात असा किती फरक पडतो आता? डोक्याला ताप कशाला.

पुण्यातला_सांगलीकर
राउटरवरून यूट्यूब आणि इन्स्टा बंद करून टाका. निम्मी गर्दी तिथेच कमी होईल. अभ्यासिका आहे ना?

शंभर_फुटी
दादा, अभ्यासिका आहे म्हणूनच यूट्यूब लागतं. आमची निम्मी लेक्चरं तिथंच आहेत. पुण्यात राहून क्लास लावणं परवडत नाही म्हणून तर सांगलीत बसून अभ्यास करतोय. आणि बंद केलंत तर पोरं व्हीपीएन टाकतील, मग कुठून काय चाललंय ते सरांना कळणार पण नाही.

(सर, मी तुमच्या अभ्यासिकेत नाही, कॉलेज कॉर्नरच्या एका ठिकाणी बसतो. पण आमच्याकडे पण सेम सीन आहे, म्हणून धागा वाचतोय.)

कुपवाड_वायरमन
मास्तर, प्लॅनचं नंतर बघू. आधी कळू दे पाणी कुठं मुरतंय. एक काम करा. लॅपटॉप केबलनं राउटरला लावा, वायफायवर नको. त्यावर ८.८.८.८ ला (गूगलचा सर्व्हर) न थांबता पिंग चालू ठेवा, म्हणजे निरोप जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते कळेल, आणि मिलिसेकंदाचा आकडा बघा. मग दुसऱ्या लॅपटॉपवरून मोठी व्हिडिओ फाइल ड्राइव्हवर चढवायला लावा. ती चढत असताना पिंगचा आकडा कुठं जातोय ते लिहून ठेवा. ती थांबवा, आता मोठी फाइल उतरवायला लावा, परत आकडा लिहा. हे सगळं दुपारी, खाली कोणी नसताना. संध्याकाळी सातला मात्र काही चढवू-उतरवू नका, नुसतं पिंग बघा.

स्पीड टेस्ट पण एकदा केबलवरच करा. चढता-उतरता दोन्ही आकडे द्या इथं. सगळे फक्त उतरता सांगतात.

विश्रामबागी_मास्तर
वायरमनसाहेब, सांगितल्याप्रमाणे केलं.
रिकामी लाइन: ७ मिलिसेकंद.
डाउनलोड चालू असताना: ६० ते ७०.
अपलोड चालू असताना: ४१० ते ४३०!
संध्याकाळी सातला नुसतं पिंग: ३५० च्या आसपास, मधूनच 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'.
केबलवर स्पीड: उतरता ९४, चढता २०. प्लॅनचा कागद काढून पाहिला. बारीक अक्षरात अपलोड २० लिहिलेलं आहे. आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

सांगलीवाडीची
सर, घोडं तिथंच पेंड खातंय, त्या २० वर.

(मी एका कंपनीच्या नेटवर्क विभागात आहे, सांगलीवाडीतून घरूनच काम करते. तुमच्यासारख्या तक्रारी रोज बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.)

आधी एक किरकोळ शंका मिटवू. ९४ म्हणजे सहा कुणी खाल्ले असं नाही. डेटा छोट्या तुकड्यांत, म्हणजे 'पाकिटांत' जातो. १०० च्या पोर्टवरून त्या पाकिटांच्या वेष्टनाचा हिस्सा वजा जाता एवढंच मिळतं. ती बाजू ठीक आहे.

आता संध्याकाळ. मुलं येतात, फोन चार्जिंगला लावतात, फोन वायफायला जोडला जातो. फोटोंचा बॅकअप, व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप, दोन्ही बहुतेकांनी 'फक्त वायफायवर' असेच ठेवलेले असतात. दिवसभर अडून बसलेलं सगळं तेव्हा चढायला लागतं. दोन-तीन फोनांत जरी गावच्या लग्नाचे व्हिडिओ असले तरी २० भरायला तेवढे पुरतात. कुणाचा लॅपटॉप असेल तर विंडोजचं 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' तपासायला सांगा. ते चालू असेल तर अपडेटचे तुकडे बाहेरच्या संगणकांनाही पुरवत बसतं.

चढती बाजू भरली की उतरतीही आजारी पडते. कारण डाउनलोड करताना तुमचा फोन पलीकडे सतत पोच पाठवत असतो, 'इथवर मिळालं, पुढचं द्या'. या पोचपावत्या चिमुकल्या असतात, पण जातात त्याच चढत्या रांगेतून. त्या अडकल्या की पलीकडचा सर्व्हर हात आखडतो आणि लेक्चर गोल गोल फिरतं. स्पीड टेस्टला हे दिसत नाही. ती एकदम अनेक जोडण्या उघडते, रेटारेटी करून आपला वाटा ओढून घेते, आणि एकूण किती माल गेला तेवढंच सांगते. एक पाकीट किती वेळ ताटकळलं हे ती बहुधा दाखवतच नाही, आणि दाखवलं तरी कुणी बघत नाही. सूनबाईंच्या आवाजाला नेमकं तेच ताटकळणं बाधतं. बोलण्यासाठी एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं जी.११४ हे प्रमाण सांगतं. तुमच्याकडे ४०० आहे.

हे ४०० येतात कुठून? हिशेब करून बघा. ऑपरेटरच्या डब्यात चढत्या बाजूला समजा १ एमबीची साठवण आहे. म्हणजे ८० लाख बिट. लाइन सेकंदाला २ कोटी बिट नेते. भागाकार ०.४ सेकंद, म्हणजे ४०० मिलिसेकंद. रांग भरलेली असताना मागून आलेलं प्रत्येक पाकीट एवढा वेळ थांबणारच, मग ते लग्नाच्या व्हिडिओचं असो की गणिताच्या आवाजाचं.

आपल्याकडचं उदाहरण देते. साखर कारखान्याची गव्हाण तासाला ठरलेला ऊसच घेते. यार्ड लहान असेल तर गाड्या परत फिरतात, फडात निरोप जातो, तोडणी मंदावते. यार्ड अवाढव्य असलं की कुणालाच परत पाठवत नाहीत, फडात तोडणी जोरात चालू, आणि इकडे ऊस वाळतोय. टीसीपी, म्हणजे इंटरनेटवर माल किती वेगाने पाठवायचा ते ठरवणारी पद्धत, असंच वागतं. पाकीट गहाळ झालं की पाठवणारा समजतो 'गर्दी आहे', आणि हात आवरतो. साठवण एवढी मोठी की पाकीट गहाळच होत नाही, मग तो आवरणार कशाला? याला 'बफरब्लोट' म्हणतात. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास आपल्या घरच्याच लाइनवर हा प्रकार पाहून आरडाओरडा सुरू केला, तेव्हापासून हे नाव रूढ झालं.

तेव्हा नुसता ३०० चा प्लॅन घेणं म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. त्यात अपलोड वाढून ५० झालं तर थांबणं ४०० वरून १६० वर येईल, तेवढा फायदा नाकारत नाही. पण बॅकअप तेही ५० भरून टाकेलच.

तासगावी_बेदाणा
ताई, आमच्या दारातच ट्रॅक्टर थांबलेत रात्रभर, तुमचं उदाहरण काळजाला भिडलं 😄 प्लॅनचा सल्ला मागं घेतो.

शंभर_फुटी
म्हणजे आम्ही फोन चार्जिंगला लावतो हाच गुन्हा!

मिरज_जंक्शन
सांगलीवाडीताईंचं विवेचन उत्तम. थोडी जुनी कथा जोडतो, विद्यार्थ्यांना शिकवायचो म्हणून तोंडपाठ आहे.

ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातला दुवा अचानक ३२ केबीपीएसवरून ४० बीपीएसवर आला. बरोबर वाचलंत, चाळीस बिट सेकंदाला. दोन्ही ठिकाणांत अंतर चारशे यार्ड! लाइन तुटली नव्हती. सगळे संगणक अडकलेली पाकिटं पुन्हापुन्हा पाठवत होते आणि कोंडी आणखी वाढवत होते. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ च्या शोधनिबंधात त्यावरचा इलाज मांडला: हळू सुरुवात करा, पाकीट हरवलं की निम्म्यावर या. आजचं टीसीपी त्याच पायावर उभं आहे.

पुढे मेमरी स्वस्त झाली, उत्पादकांनी डब्यांत भरमसाट साठवण घातली आणि 'हरवलं की आवरा' हा संकेतच बोथट झाला. तेव्हा याच जेकबसन यांनी कॅथलीन निकोल्स यांच्याबरोबर २०१२ मध्ये 'कोडेल' आणलं. रांग किती लांब आहे हे ते बघतच नाही. पाकीट रांगेत किती वेळ उभं राहिलं ते बघतं. १०० मिलिसेकंदांच्या अवधीत थांबणं सतत ५ च्या वर राहिलं की एखादं पाकीट मुद्दाम टाकून देतं, म्हणजे पाठवणाऱ्याला निरोप जातो. एरिक ड्युमाझे यांनी त्याला प्रत्येक प्रवाहासाठी, म्हणजे प्रत्येक जोडणीसाठी, वेगळी रांग जोडली, ते 'एफक्यू-कोडेल'. त्याचंच पुढचं, घरगुती लाइनसाठी मुद्दाम घडवलेलं रूप म्हणजे 'केक', जे २०१८ मध्ये लिनक्सच्या ४.१९ या आवृत्तीत दाखल झालं. या सगळ्या चळवळीच्या मागे वर्षानुवर्षं लागलेले डेव्ह टॅट १ एप्रिल २०२५ ला गेले. त्यांचं नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

विश्रामबागी_मास्तर
वाचून डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी इतिहासाचा शिक्षक, त्यामुळे १९८६ ची गोष्ट सूनबाईला वाचून दाखवली. ती म्हणाली, "बाबा, सात वाजायच्या आत काय करायचं ते विचारा."

सांगलीवाडीची
😄 वहिनींचं बरोबर आहे.

राउटरमधलं ते क्यूओएसचं पान कोरंच ठेवा. अशा बऱ्याच पानांवर पोर्ट क्रमांकांच्या याद्या असतात: हे वेब, हे मेल, हा गेम. आता जवळजवळ सगळंच ४४३ या एकाच पोर्टवरून जातं. यूट्यूब तर बऱ्याचदा क्विक या नव्या पद्धतीने, म्हणजे टीसीपीऐवजी यूडीपीवर धावतं. बॅकअप, लेक्चर, बँक, सगळं बाहेरून सारखंच दिसतं. ओळखून वर्गवारी करायच्या भानगडीत पडू नका.

करायचं ते असं. ऑपरेटरला सांगून त्यांचा डबा ब्रिज मोडवर घ्या, म्हणजे तो नुसती लाइन पुढे देईल, आणि मागे आपला राउटर लावा, ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मोफत प्रणाली) चालणारा. त्यात 'एसक्यूएम' हे रांग आवरणारं पॅकेज टाका. डाउनलोडला ८५०००, अपलोडला १८००० किलोबिट भरा, म्हणजे मोजलेल्या वेगाच्या नव्वद टक्के. रांगेचा प्रकार 'केक', स्क्रिप्ट 'पीस ऑफ केक'.

विकत घेतलेल्या वेगातला दहावा हिस्सा सोडायचा, हे सगळ्यांच्या जिवावर येतं. पण रांग नेहमी सगळ्यात अरुंद जागी लागते. आज ती जागा ऑपरेटरच्या डब्यात आहे, आणि तिथं आपलं काही चालत नाही. आपल्या राउटरला किंचित अरुंद केलं की रांग आपल्या घरात येते, मग तिला शिस्त लावता येते. हे केलं नाही तर केक लावूनही शून्य उपयोग, कारण केकसमोर रांगच लागणार नाही.

दुसरं, नुसत्या प्रवाहांमध्ये समान वाटप करून तुमचं भागणार नाही. एखाद्याच्या फोनने बॅकअपसाठी आठ जोडण्या उघडल्या तर तो आठ वाटे घेईल. म्हणून केकला 'प्रत्येक यंत्राला सारखा वाटा' असं सांगायचं. प्रगत पर्यायांत अपलोडच्या ओळीत 'नॅट' आणि 'ड्युअल-एसआरसीहोस्ट', डाउनलोडच्या ओळीत 'नॅट' आणि 'ड्युअल-डीएसटीहोस्ट'. 'नॅट' विसरू नका. ते नसेल तर सगळी अभ्यासिका केकला एकच माणूस वाटते.

आणि 'फ्लो ऑफलोडिंग' बंद. ते चालू असेल तर पाकिटं रांगेला बगल देऊन आडवाटेने निघून जातात.

कुपवाड_वायरमन
ताई, तुमचं बरोबर, पण मास्तरांना ओपनडब्ल्यूआरटी कोण चढवून देणार? मी एमआयडीसीत मायक्रोटिक कंपनीचा राउटरच लावतो. एकदा भिंतीला मारला की वर्षानुवर्षं बघायला लागत नाही. सिंपल क्यू, पीसीक्यू, रेट शून्य ठेवायचा म्हणजे जेवढे लोक तेवढे सारखे वाटे. क्लासिफायर डाउनलोडला डेस्टिनेशन पत्ता, अपलोडला सोर्स पत्ता. झालं.

फक्त फायरवॉलमधला फास्टट्रॅकचा नियम आधी बंद करा. हा नियम चालू ठेवून 'क्यू चालत नाही हो' म्हणून बोंब मारणारे लई बघितलेत. ताईंनी सांगितली तीच बगल, इथं नाव वेगळं.

सांगलीवाडीची
मायक्रोटिकला माझी ना नाही. आवृत्ती ७ असेल तर त्यातही क्यू टाइपमध्ये केक आणि एफक्यू-कोडेल मिळतात. नुसतं पीसीक्यू वाटे सारखे करतं, पण एकाच मुलाच्या वाट्यात त्याचा बॅकअप आणि त्याचं लेक्चर एकमेकांच्या पायात येतात ते तसंच राहतं. म्हणून केक.

बाकी कोणता डबा घ्यायचा हे जवळ दुरुस्त करणारा माणूस कुठला आहे त्यावर ठरवावं. सर विश्रामबागेत, तुम्ही कुपवाडात. मग मायक्रोटिकच बरा.

पुण्यातला_सांगलीकर
पण एवढं करून प्रायॉरिटी कुठे आली? आमच्या ऑफिसात मीटिंगच्या पाकिटांना डीएससीपी ४६ मारतात, म्हणजे ती सगळ्यांच्या पुढे. वहिनींच्या लॅपटॉपला तसं करा, विषय संपला.

सांगलीवाडीची
तुमच्या ऑफिसात चालतं, कारण तिथं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे स्विच तुमच्याच कंपनीचे आहेत. डीएससीपी म्हणजे पाकिटाच्या माथ्यावरचे सहा बिट, ६४ शक्य शिक्के. घराबाहेर पडल्यावर ऑपरेटर तो शिक्का पुसेल किंवा दुर्लक्ष करेल, त्याच्यावर तसं बंधन नाही. म्हणजे तो कामी येणार फक्त घरातल्या आपल्या रांगेत.

आणि तिथं त्याची गरज उरते का ते बघा. क्लासमध्ये व्हिडिओसह चढतं ते दोन-तीन एमबीपीएस, नुसता आवाज तर १०० केबीपीएसच्याही आत. १८ मधून अपलोडला लागलेल्या पाच-सहा यंत्रांना सारखे वाटे केले तरी वहिनींच्या वाट्याला तीन येतात. अगदी डझनभर फोन एकदम लागले तरी आवाज शाबूत राहील, फार तर चित्र धूसर होईल. जो आपल्या वाट्याच्या आत राहतो त्याला केक थांबवतच नाही, त्याची पाकिटं जवळजवळ लगेच पुढे जातात. प्रायॉरिटी न मारता काम होतं. अग्रक्रम द्यायचा म्हणजे 'कुणाला' हे ठरवत बसावं लागतं, आणि एकदा द्यायला लागलं की प्रत्येकाचंच काम अर्जंट निघतं.

कुपवाड_वायरमन
हे मात्र जरा थांबा. मास्तरांच्या इथं गरज नाही, मान्य. पण एका फौंड्रीत ४ एमबीपीएसची लाइन होती, वीस आयपी फोन. जी.७११ (आयपी फोनवर आवाज पाठवायची पद्धत) चा एक कॉल वेष्टन धरून ८७ केबीपीएसच्या आसपास खातो. वीस एकदम उचलले तर पावणेदोन एमबीपीएस. त्याच लाइनवर डिझाइनवाला ड्रॉइंग पाठवायचा आणि ऑफिसमधले 'हॅलो हॅलो' करत बसायचे. तिथं फोनना पहिला मान दिल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मायक्रोटिकमध्ये १ ते ८ असतात, १ सगळ्यात वरचा. पण फोनना वरची हद्द पण घातली, २ एमबीपीएस. हद्द न घालता पहिला मान दिला तर उद्या भलताच कोणीतरी त्या शिक्क्याखाली घुसतो आणि बाकीच्यांना पाणी मिळत नाही.

सांगलीवाडीची
बरोबर. लाइन बारीक आणि कॉल पुष्कळ असतील तिथं अग्रक्रम हवाच. हद्दीचं सांगितलंत ते फार महत्त्वाचं.

मिरज_जंक्शन
एक प्रश्न. अपलोडची रांग आपल्या हातात आली हे पटलं. पण डाउनलोडची रांग ऑपरेटरच्या टोकाला लागते. पाकीट आपल्या दारात पोचल्यावर ते टाकून काय साधणार? आलेला माल फेकण्यासारखं नाही का ते?

सांगलीवाडीची
नेमकी दुखरी जागा. पाकीट आपण टाकलं की पोच जात नाही, पाठवणारा आवरतो, आणि ऑपरेटरकडची रांग काही क्षणांत ओसरते. म्हणजे आपण आडमार्गाने लगाम लावतो. टीसीपी आणि क्विक दोघंही याला मान देतात. बेमुर्वत यूडीपीचा मारा असेल तर मात्र आपण हतबल. म्हणून डाउनलोडला थोडी जास्त जागा सोडतात, मोजलेल्या वेगाच्या ८५ टक्क्यांपर्यंतही खाली येतात. सरांच्या बाबतीत उतरत्या बाजूला पिंग ६०-७० मिलिसेकंद एवढंच होतं, त्यामुळे तिथं घाई नाही.

शंभर_फुटी
मॅडम, हे आमच्यावर अन्यायच ना? नेट न्यूट्रॅलिटी (नेटवर सगळ्यांना समान वागणूक) म्हणून एक टॉपिक आहे सिलॅबसमध्ये 😛

मिरज_जंक्शन
सिलॅबसमध्ये आहे तर नीट वाच, भावा. ट्रायने (दूरसंचार नियामक) ८ फेब्रुवारी २०१६ ला मजकुरानुसार वेगळे दर लावायला मनाई केली. नंतर २०१७ च्या शिफारशी केंद्र सरकारने जुलै २०१८ मध्ये स्वीकारल्या. ही बंधनं परवानाधारक सेवा पुरवठादारांवर आहेत, आणि त्यांनाही वाजवी वाहतूक व्यवस्थापनाची मुभा आहेच. मास्तरांनी आपल्या घरात कुणाला किती द्यायचं हा त्यांचा प्रश्न. शिवाय इथं कुणाचं काही अडवलेलं नाही, सगळ्यांना सारखंच मिळतंय.

कृष्णाकाठचा_केबलवाला
वाळवा तालुक्यात फायबर देतो, म्हणून ऑपरेटरची बाजू मांडतो. शिव्या खायची सवय आहे.

जीपॉनच्या (एकच फायबर अनेक घरांत वाटायची पद्धत) एका पोर्टवर उतरतं साधारण २.५ जीबीपीएस आणि चढतं त्याच्या निम्मं, १.२५. हे ३२ किंवा ६४ घरांत वाटलं जातं. अपलोड कमी ठेवण्यामागं हे एक कारण. आणि गिऱ्हाईक 'स्पीड किती' एवढंच विचारतं, पिंग कोणी विचारत नाही, म्हणून पोरांना पण तेवढंच दाखवायची सवय लागली. मी गेल्या पावसाळ्यापासून आमच्या बाजूलाच केक लावला, लिब्रेक्यूओएस नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे त्यातून. साधा सर्व्हर पुरला. तक्रारीचे फोन कमी झाले हे मात्र खरं. पण हे प्रत्येक ऑपरेटर करेल असं धरून चालू नका, मास्तर. तुमच्या घरात तुम्ही लावा.

कुपवाड_वायरमन
मास्तर, अजून एक. बत्तीस पोरं आणि वरचा क्लास एकाच डब्याच्या वायफायवर असतील तर वरची सगळी मेहनत पाण्यात. वायफायवर एका वेळी एकच बोलतो, बाकीचे थांबतात. लांबच्या कोपऱ्यातला कमी रेंजवाला फोन एक पाकीट पाठवायला जेवढा वेळ घेतो तेवढ्यात जवळचा पंचवीस पाठवेल. ही रांग हवेतली आहे, तिला तुमचा केक दिसत नाही.

सूनबाईंना केबल टाका. जिन्यातून कॅट-६ चाळीस-पन्नास फुटात होईल. खाली वेगळा ॲक्सेस पॉइंट (वायफाय सोडणारा डबा), छताला, मधोमध. पोरांना ५ गिगाहर्ट्झ. २.४ ठेवायचाच तर चॅनेल १, ६ किंवा ११ यातलाच, आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ. शेजारचे ४० वर लावून बसलेले असतात म्हणून आपण पण लावायचं नाही.

विश्रामबागी_मास्तर
मंडळी, काम झालं. वायरमनसाहेब स्वतः येऊन मायक्रोटिक बसवून गेले, चहाशिवाय काही घेईनात. जिन्यातून केबल वर नेली. केक लावला, अपलोड १८, डाउनलोड ८५.

सातचं पिंग आता १४ ते १९. मुद्दाम मोठी फाइल चढवायला लावून पाहिलं, तेव्हाही २२ च्या वर गेलं नाही. सूनबाईने क्लासमध्ये 'ऐकू येतंय का' विचारणं बंद केलंय.

तक्रार मात्र एक आलीच. खालच्या दोघांनी स्पीड टेस्ट केली आणि म्हणाले, "सर, स्पीड कमी केलात का? आधी नव्वदच्या वर दाखवायचं." लेक्चर फिरतंय का विचारलं, तर नाही म्हणाले. तरी चेहरे पडलेलेच.

प्लॅन होता तोच ठेवला. आता एक शेवटची विचारणा. २०१९ च्या पुरात आणि २०२१ लाही आमच्या भागात नेट बरेच दिवस नव्हतं. पावसाळ्यासाठी ४जी सिमचा डोंगल जोडून ठेवावा म्हणतो. लाइन गेली की आपोआप त्यावर जाईल असं वायरमनसाहेब म्हणाले. त्यावरही हाच केक चालेल ना?

सांगलीवाडीची
चालेल, पण हे आकडे चालणार नाहीत. फायबरचा वेग ठरलेला असतो, मोबाइलचा दर मिनिटाला बदलतो. ८५/१८ तसेच ठेवलेत तर रांग पुन्हा टॉवरच्या बाजूला जाईल. ओपनडब्ल्यूआरटीवर 'केक-ऑटोरेट' नावाची स्क्रिप्ट आहे, ती पिंग बघत बघत वेग खाली-वर करते. मायक्रोटिकवर सोपा उपाय: डोंगलसाठी वेगळी क्यू ठेवा आणि संध्याकाळी सातला सगळ्यात वाईट मिळेल तो वेग मोजून त्याच्याही थोडा खाली आकडा भरा. समजा ४/१. आणि डोंगलवर असताना खालच्या वायफायला नेट देऊ नका, फक्त क्लास. १ एमबीपीएस चढत्यात आवाज निभावेल. व्हिडिओ वहिनींनी बंद ठेवावा आणि फळ्याचा स्क्रीन तेवढा दाखवावा.

कुपवाड_वायरमन
मास्तर, त्याआधी फायबरचा डबा, मायक्रोटिक आणि ॲक्सेस पॉइंट तिन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर आहेत का बघा. मी आलो तेव्हा ॲक्सेस पॉइंटचा ॲडॅप्टर जिन्याखालच्या साध्या प्लगला होता. लाइट गेली की अख्खी अभ्यासिका बसेल आणि तुम्ही डोंगलला दोष देत बसाल. वायर मी आणतो, प्लग फक्त रिकामा ठेवा.